हे कुणाला ऐकू द्यायचं नाही?

लातूर
रविवार, २८ ऑक्टोबर २०१८

आत्या,

तुला नमस्कार, आणि अंगणवाडीतल्या तुझ्या सगळ्या फौजेला पापे. मी बरी आहे. बालाजीही बरा आहे. क्लासच्या परीक्षेत त्याचा नंबर या खेपेला थोडा वर आला. त्याच्या खोलीतली पोरं एकाच आरशात दाढी करतात आणि एकाच पंख्यासाठी भांडतात. मेसचं वरण पातळ असतं म्हणून त्याने अण्णांकडे तक्रार केली, तर अण्णा म्हणाले, "डॉक्टर व्हायला गेलास का जेवायला?" तेव्हापासून तो रविवारी माझ्याकडे येतो आणि पोळ्या मोजू नको म्हणतो.

हे पत्र घरी न पाठवता अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी फोन केला की अण्णा स्पीकर लावतात, आई स्वयंपाकघरातून उत्तरं देते, आणि तू काही बोलायच्या आत फोन संपतो. मला या वेळी फक्त तुझ्याशी बोलायचं आहे.

दिवाळीला येणं होणार नाही. अण्णांना सांगितलं की ऑफिसात तपासणी चालू आहे. ते म्हणाले, "पैशाची भानगड हाय का?" मी नाही म्हटलं. "मग दिवाळी बुडवून काय तपासायलीस?" मला नीट सांगता आलं नाही. तुला सांगून पाहते.

आमच्या केंद्रात भूकंपाला पंचवीस वर्षं झाल्यावर लोक कसे आहेत, याचा अभ्यास चालू आहे हे तुला माहीत आहे. झोप लागते का, भीती गेली का, नंतर झालेल्या लेकरांना कसं वाढवलं, असं सगळं. गौरम्मा नावाची आमची बाई गावोगाव जाऊन बायकांशी बोलते. ते बोलणं रेकॉर्ड होतं, मग ऑफिसात टाइप होतं. नाव काढून टाकतात, नंबर राहतो. माझं काम त्याच्या पुढचं. कुणी कोणतं सांगणं उघडायचं आणि कुणी नाही, हे ठरवणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं. कुलूपच म्हण. आणि प्रत्येक वेळी कुणी कुलूप उघडलं, कशासाठी उघडलं, याची नोंद आपोआप होते. महिना संपला की ती नोंद वाचून, कुणी नको तिथे डोकावलं नाही ना, असा अहवाल द्यायचा. तोही मीच देते. यालाच आम्ही ऑडिट म्हणतो.

बोलणं संपलं की गौरम्मा प्रत्येकीला शेवटी एक प्रश्न विचारते. हे कुणाला ऐकू द्यायचं नाही? जे नाव येईल ते ती एका रकान्यात लिहिते. हा रकाना लागतोच, कारण आमच्याकडे टाइप करणारे, गाडी चालवणारे, हिशेब बघणारे असे निम्मे लोक त्याच गावांतले आहेत. रकान्यातलं नाव आमच्या कुणाच्या नावाशी जुळलं, की त्या माणसाला ते सांगणं उघडत नाही.

हे जुळवणं चालतं का ते पाहायला मी नावं स्वतःच बनवली होती. स्वतःचं, बापाचं, आडनाव, रेशनकार्डावर असतं तसं पूर्ण. सगळं बिनचूक चाललं. मुज्तबा, माझ्या शेजारी बसतो तो, तेव्हा म्हणाला होता, "उज्वला, माझ्या अम्मीने लग्नापासून अब्बांचं नाव घेतलेलं नाही. जिक्राके अब्बा म्हणते. जिक्राच्या अब्बांना तुझं मशीन कुठे धुंडणार?" जिक्रा त्याची थोरली बहीण. मी हसले. नाव नको, नातं विचारू, असं तो म्हणत होता. मी म्हटलं, पुढच्या वेळी बघू.

आता गेल्या महिन्यात सगळे रकाने काढून वाचले. कुणी सांगितलंय 'हे'. कुणी 'मालक', कुणी 'घरचे', कुणी 'थोरल्या भाऊजींची पोरं'. एका म्हातारीने नुसतं 'त्यांना' असं सांगितलंय. आपल्याकडच्या बाया आपल्या माणसाचं नाव कुठे घेतात, आत्या? हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? मशीनने 'हे' नावाचा माणूस आमच्यात शोधला, तो सापडला नाही, आणि सगळ्यांना दार उघडं ठेवलं.

म्हणून तपासणी चालू आहे. कुणाकुणाचं सांगणं त्यांच्याच नात्यातल्या माणसाने उघडलं, ते आम्ही एकेक करून शोधतोय.

तुझे गुडघे कसे आहेत? तू पोरांना अजून ओसरीतच बसवतेस का, की नवी खोली वापरायला लागलीस? थंडी सुरू झाली, पण मी आता मफलर बांधत नाही. तुला आश्चर्य वाटेल.

गौरम्मा उन्हाळ्यात कंधारकडे आली होती. तुला भेटली होती का, हे विचारणार होते. पण नको. उत्तर देऊ नकोस.

तुझी
उज्वला


लातूर
रविवार, ११ नोव्हेंबर २०१८

आत्या,

भाऊबीजेला बालाजीला माझ्या खोलीवर ओवाळलं. ताट नव्हतं, स्टीलच्या डब्याचं झाकण घेतलं. तो म्हणाला, "वाढदिवसाचा केक पण ह्याच्यावरच कापणार का?" एवढीच आमची दिवाळी.

तुला केंद्राचं एक पत्र मिळेल, कदाचित मिळालंही असेल. जाड पाकीट आहे, वर केंद्राचं नाव नाही, म्हणजे पोस्टमनला किंवा घरच्यांना काही कळू नये. आत लिहिलंय की आपण आमच्या अभ्यासात जी माहिती दिली, ती आपण नको म्हटलेल्या एका व्यक्तीने उघडली होती, याचा आम्हाला खेद आहे. ज्यांचं ज्यांचं असं झालं त्या सगळ्यांना हेच पत्र गेलं आहे. मजकूर मीच लिहिला. लक्ष्मम्मा मॅडमनी, त्या आमच्या प्रमुख, फक्त 'खेद' शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, "खेद कुणाला झाला? केंद्राला छाती असते का?" तरी शब्द तोच राहिला, कारण दुसरा सुचला नाही.

त्या पत्रात व्यक्तीचं नाव नाही. ती व्यक्ती मी.

आता पुढचं सांगते. जूनमध्ये माझ्याकडे तपासायला काही सांगणी आली होती. रेकॉर्डिंग आणि टाइप केलेलं जुळतं का, एवढंच बघायचं असतं. नंबर असतो, नाव नसतं. मी एक उघडलं. सुरुवातीला गावाचं वर्णन होतं, मग ती पहाट, ते मी लिहीत नाही, तुला ते माझ्याकडून ऐकायची गरज नाही. मग होतं, "भावाच्या घरी आले. तिथं एक लेकरू होतं पाळण्यात. त्याला अंगणात पत्र्याखाली पाटी घेऊन बसवायची. लेकराला आभाळ दिसलं पायजे." हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. आभाळ दिसलं पाहिजे. पाऊस असला तरी तू दार लावू द्यायची नाहीस.

रकान्यात लिहिलं होतं: बारकी.

आमच्या ऑफिसात बारकी नावाचं कुणी नाही. तिथे मी उज्वला हणमंतराव आहे. मशीनने मला आत सोडलं, आणि पुढचं सगळं वाचलं गेलं.

काय वाचलं ते तुला सांगायला हवं, नाहीतर तू अंदाज करत बसशील. गौरम्माने तुला विचारलं होतं, त्या लेकराला शाळेत का नाही घातलं. तू म्हणालीस, "तिला काही झालं नव्हतं. डाक्टरनं दोन डाव सांगितलं, लेकरू ठणठणीत हाय. मीच भावाला म्हनले छाती कमजोर हाय, शाळंत धाडू नको. दगडी शाळा होती, निजामाच्या वक्ताची, वर मातीचं जड माळवद. मी ते माळवद बघितलं की मला माझी दोन लेकरं दिसायची. दहा वर्साची होईस्तवर घरीच शिकवलं. तिला अजून वाटतंय, आपली छाती नाजूक हाय. हे तिला ऐकू देऊ नका."

मला आता कळलं की बालाजी सहाव्या वर्षी शाळेत कसा गेला. त्याच्या वेळी अण्णांनी तुझं ऐकलं नसेल. तू दिवसभर शाळेच्या फाटकासमोर बसून राहायचीस, आम्हाला वाटायचं तुला बालाजीचा फार लळा.

आत्या, मला राग आला नाही. तू मला 'अ' शिकवलास, पाढे शिकवलेस, भागाकारात उरलेली बाकी कधी पुसायची नाही हे शिकवलंस. चौथीची परीक्षा बाहेरून द्यायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, हिचं अक्षर कुणी वळवलं. तू माझी शाळा होतीस. ती शाळा का भरली, याने काय बदलतं?

मशीनच्या चुकीने हे माझ्यापुढे आलं. मशीन मी लिहिलं, म्हणून चूक माझी. मला क्षमा कर.

बालाजीला हे माहीत नाही. अण्णा-आईलाही मी सांगणार नाही. रकान्यात तू त्यांची नावं सांगितली नव्हतीस, पण सांगायचं की नाही हे तूच ठरवायचं.

तुझी
उज्वला


लातूर
रविवार, २५ नोव्हेंबर २०१८

आत्या,

तुझं पत्र आणि डबा बालाजीच्या मित्राबरोबर मिळाला. पत्र इतकं छोटं आहे की मला पाठ झालं. "बारके, मशीनची चूक मानसानं डोक्यावर घेऊ नाई. मी बोलले ते बोलले. तुला कळलं ते बरंच झालं, मला सांगायचा धीर नव्हता. चकल्या खा. बालाजीला पन दे. घरी ये." बालाजीने निम्म्या चकल्या उभ्या उभ्या संपवल्या आणि म्हणाला, "ताई, तू का रडतीस, थोड्या खारट हायेत पण चालतंय की."

तू मला माफ केलंस. पण मी तुला अर्धंच सांगितलं होतं, म्हणून ती माफी मला ठेवता येत नाही. आता उरलेलं सांगते. मग तुला काय करायचं ते कर.

मागच्या पत्रात मी लिहिलं की पुढचं सगळं वाचलं गेलं. वाचलं गेलं नाही, मी वाचलं. आभाळाच्या वाक्याशीच मला कळलं होतं की ही तू आहेस. आमचा नियम असा आहे की आपल्या माणसाचं निघालं तर तिथेच बंद करायचं आणि मॅडमना जाऊन सांगायचं. तो नियम मीच लिहिला आहे, भिंतीवर लावलाय, माझ्या टेबलाच्या समोरच. मी त्याच्याकडे पाहिलं आणि खाली पाहून पुढे वाचलं. रकानाही तेव्हाच पाहिला. बारकी म्हणजे मी, आणि मला हे नको दाखवायला असं तू सांगितलं आहेस, हे कळून मी वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. नंतर पुन्हा एकदा, आणि त्या वेळी रेकॉर्डिंग लावून तुझा आवाज ऐकला.

राग आला नाही असंही लिहिलं होतं. तेही खरं नाही. मला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली होती ते आठवतं ना? हॉस्टेल चौथ्या मजल्यावर, हवा दमट, छातीला सोसणार नाही, म्हणून मी नांदेडला राहिले. कुणी मला अडवलं नाही, मीच नको म्हटलं. शाळेत खोखोला बाहेर बसायचे, लग्नाच्या वरातीत पायऱ्यांवर थांबायचे. तुझं वाचल्यावर मी त्याच दिवशी ऑफिस सोडून बालाजीचा आता क्लास आहे त्या इमारतीत गेले आणि खालपासून गच्चीपर्यंत पळत चढले. पोरं पुस्तकं छातीशी धरून भिंतीला सरकून उभी राहिली. वॉचमन ओरडला, "ओ मॅडम, निकाल लागला का?" वर पोचले. मला काही झालं नाही. धाप लागली, जशी कुणालाही लागते. मी पाण्याच्या टाकीला टेकून बसले आणि तुझा इतका राग आला की तुझ्या दोन लेकरांचा विचारसुद्धा त्यात बुडाला. दुसऱ्या-तिसऱ्यांदा उघडलं ते त्या रागाने. तू आणखी काय काय लपवलंस ते शोधायला. काही नव्हतं.

पण एवढं मला मागच्या पत्रातही लिहिता आलं असतं. सगळ्यात मागे मी जे ठेवलं ते हे नाही.

महिनाअखेर अहवालाची वेळ आली. नोंदीत माझं नाव तीनदा होतं, तुझ्या नंबरापुढे. कारणाच्या जागी मी तिन्ही वेळा 'गुणवत्ता तपासणी' लिहिलं होतं. नोंद मीच वाचायची, अहवालावर सहीही मीच करायची. मी लिहिलं, 'आक्षेपार्ह काही आढळले नाही.'

तेव्हा मी जाऊन सांगितलं असतं, मॅडम, रकान्यात घरचं नाव होतं म्हणून मशीनने मला अडवलं नाही, तर त्यांनी त्याच दिवशी सगळे रकाने काढून पाहिले असते आणि दार बंद केलं असतं. मला ते दिसत होतं. जी चूक तुझ्या बाबतीत झाली ती इतर बायकांच्याही बाबतीत होत असणार, हे न कळायला मी काही खुळी नाही. मी स्वतःला म्हटलं, पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त करीन, माझं नाव न येता. जुलै गेला. बालाजीचा प्रवेश, पावसाळी ताप, ऑफिसात पाहुणे. मी रोज त्या दुरुस्तीला हात लावायचे आणि सोडायचे, कारण बदल केला तर का केला, हे लिहावं लागतं.

ऑगस्टमध्ये एका बाईचं सांगणं तिच्या पुतण्याने उघडलं. तो आमच्याकडे टाइप करायचा. तिचं खरं नाव आणि गाव मी तुलाही सांगणार नाही, तिला मी पार्वतम्मा म्हणते. तिने काय सांगितलं होतं तेही लिहिणार नाही. तिच्या नांदण्यातली एक गोष्ट होती, तिने वीस वर्षं पोटात ठेवलेली. रकान्यात तिने 'हे' आणि 'भाऊजींची पोरं' असं सांगितलं होतं. इतकं स्पष्ट सांगूनही माझं मशीन तिच्या भाऊजीच्या पोरालाच आत सोडून मोकळं झालं. त्याने घरी जाऊन चुलत्याला सांगितलं. चुलत्याने तिला भांडी-कपड्यांसकट निलंग्याकडे भावाच्या दारात आणून सोडलं. या वयात, आत्या. तुझ्याच वयाची आहे.

सप्टेंबरात तिच्या भावाने गौरम्माला फोन केला, आणि तिथून आमची तपासणी सुरू झाली. पहिल्या पत्रात 'गेल्या महिन्यात सगळे रकाने काढून वाचले' असं मी लिहिलं, ते वाचायची वेळ अशी आली होती.

पुतण्याला काढून टाकलं. ते व्हायलाच हवं होतं. पण चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की रकान्यातली उणीव सप्टेंबरपर्यंत कुणालाही ठाऊक नव्हती. तो अहवालही मीच लिहिला होता. माझ्या त्या नोंदींवर कुणी बोट ठेवलं नाही, कारण तपासणी करणं हे माझं कामच होतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्या उदगीरच्या, जास्त बोलत नाहीत. माझं संपेपर्यंत पेन बंद करून बसल्या होत्या.

"जूनपासून ठाऊक होतं?"

"हो."

"आणि सही केलीस."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "बाहेर जाऊन रड. मग आत ये आणि हेच लिहून दे, तुझ्या नावानिशी. आणि तपासणाऱ्याला कोण तपासतं, हे मी कधी विचारलं नाही, तेही खाली लिही. ते माझ्या नावावर."

मी लिहून दिलं. माझे सगळे हक्क काढून घेतले, ते मीच मागितलं होतं. आता मला एकही सांगणं उघडत नाही. नोंदी मुज्तबा वाचतो. तो माझ्याशी आधीसारखाच बोलायचा प्रयत्न करतो, पण स्क्रीन मला दिसू नये अशी थोडी वळवून घेतो. त्याचं बरोबर आहे. वर्ष संपेपर्यंत रकान्याची दुरुस्ती पुरी करायची, नंतर ठेवतील की नाही माहीत नाही.

परवा मॅडमच्या परवानगीने गौरम्माबरोबर पार्वतम्माकडे जाऊन आले. निलंग्याच्या बसमध्ये गौरम्मा एवढंच म्हणाली, "तिथं रडायचं नाही. आपलं रडणं तिला पुसावं लागतंय."

ती भावाच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. भावजय पाणी देऊन आत गेली, दाराआड उभी राहिली. मी जे तुला लिहिलं ते तिला सांगितलं. मला जूनमध्ये माहीत होतं, मी सांगितलं असतं तर तुमच्यावर ही वेळ आली नसती. ती शेंगा सोलतच राहिली. मग म्हणाली, "तुमी कशाला आलाव? माझं बोलणं पुसून टाकायला?"

गौरम्मा म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. पुसायचं असलं तर पुसू."

"पुसायचं न्हाई." तिने सूप बाजूला ठेवलं. "एवढ्या सालात एकच डाव बोलले मी. ते बी पुसलं तर काय राहिलं माझं? घर तर गेलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू सई केलीस व्हय? शिकलेली दिसतीस. मला अंगठा येतोय, पण मी खोट्यावर कधी लावला न्हाई."

 

तिनेच विचारलं, "तुमच्या त्या मशीनला काय लागतंय? पुरं नाव लागतंय ना? लिव." आणि तिने आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव, मोठ्याने. दाराआडची भावजय "अगं बाई" म्हणाली. मग दिराच्या पोरांची नावं एकेक करून सांगितली. गौरम्माने लिहून घेतलं. माझ्या हातात पेन नव्हतं, ते बरं झालं. नाव घेऊन झाल्यावर ती बराच वेळ तोंडावर पदर धरून बसली. आम्ही निघालो तर म्हणाली, "शेंगा घिऊन जावा," गौरम्माच्या ओटीत घातल्या, मला दिल्या नाहीत.

आत्या, मी तिला घर परत देऊ शकत नाही. तिच्या भावाला वकील बघून द्यायचं मॅडमनी कबूल केलं आहे, मी लातूरच्या कोर्टात चकरा घालीन. त्याने फिटतं असं मला वाटत नाही.

गौरम्मा तुझ्याकडेही येणार आहे. तुझं सांगणं ठेवायचं की काढून टाकायचं, आणि कुणाला दाखवायचं नाही, हे पुन्हा विचारेल. तू जे सांगशील ते मला कळणार नाही. तू काढून टाक म्हणालीस तरी मी समजून घेईन, आणि ठेव म्हणालीस तर तुझी दोन लेकरं तिथे राहतील, त्यांच्याबद्दल तू दुसरीकडे कुठेच बोलली नाहीस. मला त्यांची नावं तुझ्या तोंडून ऐकायची आहेत. मी ती रेकॉर्डिंगमध्ये चोरून ऐकली, म्हणून मला ती उच्चारता येत नाहीत.

पुण्याचं मनातून गेलेलं नाही. तू मला भिऊन वाढवलंस, हे खरं आहे. पण तू जे केलंस ते दोन लेकरं दगडाखाली ठेवून आलेल्या आईने केलं. मी जे केलं ते पंख्याखाली बसून, माझं नाव वाईट दिसू नये म्हणून केलं. दोन्ही एकाच तराजूत घालू नकोस, आणि तुझ्या चुकीपायी माझी सोडून देऊ नकोस.

घरी ये असं तू लिहिलं होतंस. ते आधीच्या पत्राला उत्तर होतं, म्हणून मी आले नाही. हे वाचल्यावरही तेच वाटलं तर लिही. नाही वाटलं तरी मला कळव, म्हणजे मी एस.टी. स्टँडवर विनाकारण कंधारच्या गाडीची वाट पाहत उभी राहणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी, पण त्यावर हक्क न सांगणारी,

उज्वला